शनिवारचा बैल

ठिबक सिंचनाच्या सभेत बोलायला उभा राहिलो की ‘हे तंत्र इस्राएलमध्ये वाढले’ हे वाक्य माझ्या तोंडी येतेच. मग समोरच्यांपैकी एखादा बागाईतदार विचारतो, “साहेब, तुम्ही जाऊन आलात का तिकडं?” मी नाही म्हणतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मी स्वतःच इस्राएल आहे हे सांगत बसलो तर ठिबक बाजूला राहते आणि सभा भलतीकडे जाते, हे एकदोनदा अनुभवले आहे. आज सभा नाही, वेळही आहे. तेव्हा ते राहिलेले तुम्हाला सांगतो.

आमच्या अलिबागकडे ‘इस्राएल’ हे देशाचे नाव होण्याच्या कितीतरी आधी माणसांचे नाव होते. तो देश १९४८ साली झाला. आम्ही त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या कोकणातल्या गावांत भात लावत होतो आणि तेल गाळत होतो. पुस्तकात आम्हाला ‘बेने इस्राएल’ म्हणतात, म्हणजे इस्राएलची लेकरे. यहुदी म्हणा, ज्यू म्हणा, ते आम्हीच. पण गावात आमचे नाव होते ‘शनवारतेली’. तेल्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवारतेली. आडनावावरून तुम्हाला आम्ही ओळखू येणार नाही. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर ही सगळी आमच्यातली आडनावे, जिथे राहिलो त्या गावांची. ‘बूट पॉलिश’ या १९५४ सालच्या चित्रपटात जॉन चाचा झालेले डेव्हिड जुन्या मंडळींना आठवत असतील. त्यांचे आडनाव चेऊलकर, म्हणजे मूळ चौलचे.

आम्ही इथे कसे आलो याची गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकली. फार जुन्या काळी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना गावकऱ्यांनी तिथेच किनाऱ्याजवळ पुरले. आज नवगावला त्या जागी स्मारक आहे. दोन हजार वर्षे झाली असे सांगतात. विद्वानांचे त्याबद्दल एकमत नाही, पण आजीला विद्वानांशी काही कर्तव्य नव्हते. तिच्या सांगण्याप्रमाणे पोथ्या सगळ्या समुद्रात गेल्या आणि वाचलेल्यांच्या डोक्यात जेवढे होते तेवढेच उरले. शनिवार उरला, मुलांची सुंता उरली, खवले-पंख असलेलाच मासा खायचा हे उरले आणि ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना उरली. पुढे कित्येक पिढ्यांनंतर दाऊद राहाबी नावाचा एक यहुदी या किनाऱ्याला आला, त्याने या खुणांवरून आमच्या लोकांना ओळखले आणि तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून काजी केले, अशी कथा आहे.

आमचा घाणा घरामागच्या पडवीत होता. जमिनीत पुरलेले दगडी उखळ, त्यात उभी लाट, लाटेला जोडलेल्या आडव्या लाकडावर धोंड्याचे वजन आणि त्या लाकडाला जुंपलेला बैल. बैलाच्या डोळ्यांना झापडे. तीळ, खोबरे, कधी भुईमूग. तिळाच्या घाण्यात मधूनमधून चुळकाभर पाणी घालावे लागते. ते किती आणि कधी, हे बाबांच्या बोटांना ठाऊक होते. मला त्यांनी ते शब्दांत कधी सांगितले नाही, सांगता आलेही नसते. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि बैलघाण्यात त्यातले बरेचसे पेंडीतच राहते, हे मी पुढे कॉलेजात शिकलो. तेव्हा मला घरच्या धंद्याची थोडी लाजच वाटली होती. मग आठवले की ती पेंड खाऊन आमचे दोन्ही बैल आणि शेजारच्यांच्या म्हशी कशा तुकतुकीत असत.

शुक्रवारी दुपारी घाण्यावर गर्दी उडे, कारण उद्या तेल मिळणार नाही हे साऱ्या गावाला ठाऊक. चार वाजले की बाबा बैल सोडत. आई दोन वेळचे जेवण एकदम रांधून चुलीच्या वैलावर ठेवी आणि निखाऱ्यांवर राख ओढी. आजी काचेचा पेला घासूनपुसून त्यात खाली पाणी, वर आमच्याच घाण्याचे खोबरेल आणि वात घालून दिवा लावी आणि डोळ्यांवर हात धरी. सकाळी भिजत टाकलेल्या काळ्या मनुका कुस्करून गाळलेले सरबत असे. दारूचा मोकळा धंदा नसलेल्या गावात द्राक्षरसाची जागा आमच्या लोकांनी मनुकांना दिली होती. बाबा पेला हातात घेऊन हिब्रू प्रार्थना म्हणत. तिचा अर्थ त्यांनाही अर्धाच ठाऊक असावा. पेला हातोहात फिरे. मला घोटभर सरबतासाठी आठवडाभर थांबावेसे वाटे.

शनिवारी चूल पेटत नसे, घाणा फिरत नसे, पैशाला हात लागत नसे. शाळा मात्र शनिवारी सकाळची असे. बाबा पहिल्याच वर्षी गुरुजींना जाऊन भेटले. ठरले असे, की मी शाळेत बसायचे पण पाटीवर पेन्सिल टेकवायची नाही. म्हणून गुरुजी शनिवारी मला तोंडी पाढे विचारत, आणि सगळ्या वर्गाआधी विचारत. माझे एकोणतिसापर्यंतचे पाढे अजून पाठ आहेत ते त्या शनिवारांमुळे. मुले मात्र सोडत नसत. “शनवारतेली, बैलावरून पडला, शनवारी रडला,” असे काहीतरी जुळवून ओरडत. मी घरी येऊन रडलो की आजी म्हणे, “तेली म्हणतात ना? मग तेलीच आहोत. त्यांच्या घरातला दिवा कुणाच्या तेलावर जळतो ते विचार.”

आता आमच्यातले उणेही सांगायला हवे. जिथे आम्हाला इतर लोक थोडे खालचे समजत, तिथे आमच्यातही गोरे आणि काळे असे दोन भाग होते. बाहेरच्या बायकोची संतती म्हणून ज्यांना काळे ठरवले, त्यांच्या पंक्तीला गोरे बसत नसत. माझ्या लहानपणी ते बरेच ढिले झाले होते, पण लग्न ठरवताना बायका अजून कुजबुजत. बुडालेल्या गलबतातून हे काही आले नव्हते. ते आम्ही इथेच उचलले.

१९७९ सालचा पावसाळा. मी नऊ वर्षांचा. एका शनिवारी पहाटे शेजारचे आगरी काका भिजतच ओटीवर आले. त्यांचा एक बैल रात्री बसला तो उठत नव्हता. चिखलणी अर्धी राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी आवणीला बायका सांगून ठेवलेल्या. शेतकऱ्याला मी वेगळे काय सांगू? रोपे वयाबाहेर चालली की एकेका दिवसाने भात कमी येतो. “काकी, तुमचा एक बैल द्या,” ते आजीला म्हणाले. गोठ्यात दोन बैल उभे होते, पोटभर खाऊन रवंथ करत होते. बाबा काही बोलले नाहीत, आजीकडे पाहत राहिले.

आजी म्हणाली, “आज वार कोणता तुला ठाऊक आहे. हा वार माझा एकटीचा नाही, त्याचाही आहे.”

आमच्या धर्माज्ञेत सातव्या दिवशी मालकाने विसावा घ्यायचा तसाच चाकराने, पाहुण्याने आणि जनावरानेही घ्यायचा, असे आहे. आजीला ते वाचता येत नव्हते. पण त्यातला बैल तिने पक्का लक्षात ठेवला होता.

काकांनी वाद घातला नाही. “मग दिवस सरल्यावर?” एवढेच विचारले. आजी हो म्हणाली. ते गेले आणि मला आजीचा भयंकर राग आला. पाऊस आजीला विचारून पडत नाही, असे मी बोललो आणि आईचा धपाटा खाल्ला.

शनिवार संपतो तो आकाशात तीन तारे दिसल्यावर. कोकणात आषाढात तारे कुठले दिसायला? त्यासाठी आजीची स्वतःची रीत होती. ओटीवर बसून ती हात पुढे धरी, आणि हातावरच्या शिरा दिसेनाशा झाल्या की दिवस सरला म्हणे. त्या संध्याकाळी काका तिन्हीसांजेपासून येऊन तिच्याशेजारी बसले होते. दर थोड्या वेळाने विचारत, “काकी, शिरा दिसतात का अजून?” आजी म्हणे, “दिसतात.” चौथ्या की पाचव्या वेळी काकांनी स्वतःच वाकून तिचा हात पाहिला आणि म्हणाले, “मला तर नाही दिसत.” आजी हसली. “तुझे डोळे गेलेत. जा, घेऊन जा.”

काका एकटे गेले नाहीत. बाबाही गेले. मी बांधावर कंदील धरून उभा होतो. पाऊस उघडझाप करत होता. चिखलात दोन माणसे आणि दोन बैल, एक त्यांचा आणि एक आमचा. किती वाजेपर्यंत चालले ठाऊक नाही, कारण मी बांधावरच डुलक्या घेऊ लागलो आणि कंदील पाण्यात जायच्या आत बाबांनी मला घरी पाठवले. रविवारी आवणी झाली.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आमचे भात कापून शेतात पसरलेले होते. शनिवारी दुपारी समुद्राच्या बाजूने काळे ढग चढले. बाबा ओटीवर उभे राहून पाहत होते. स्वतः जायचे नाही आणि दुसऱ्याला कामाला सांगायचेही नाही, असा आमचा नेम. शेजारून काका, त्यांचे दोन मुलगे आणि आणखी चारपाच जण दोऱ्या घेऊन आमच्या शेताकडे जाताना दिसले. त्यांनी भारे बांधले, डोक्यावरून आणून खळ्यात रचले, वर झावळ्या टाकल्या. बाबांनी त्यांना बोलावले नव्हते, अडवलेही नाही. ते आत जाऊन बसले. पाऊस आला तेव्हा शेतात पाचसहा भारेच राहिले होते.

रविवारी बाबांनी तेलाचा डबा भरून काकांकडे पाठवला. तेल त्यांनी ठेवून घेतले, आणि वर मला म्हणाले, “बापाला सांग, डबा तोंडापर्यंत भरला नाही.”

खाण्यापिण्याच्या बाबतीत तर माझ्यावर आजीपेक्षा काकूंची नजर जास्त. आम्हाला चिंबोरी, कोळंबी, मुशी चालत नाही. पावसाच्या सुरुवातीला काकूंच्या चुलीवर चिंबोऱ्यांचे कालवण उकळू लागले की त्या वासाने मी त्यांच्या दारात जाऊन बसे. काकू आपल्या मुलांना वाढत आणि मला म्हणत, “तू घरी जा. तुझी आजी माझा जीव घेईल.” एकदा त्यांच्या धाकट्याने मला नांगीचा तुकडा चोरून दिला. तो तोंडाजवळ नेतो तोच काकूंनी हातावर चापट मारली. चिंबोरीची चव मला अजून ठाऊक नाही. यात माझे पुण्य किती आणि काकूंचे किती, ते देव जाणे. आमच्या घरातही मटणात दही पडत नसे. मांसाबरोबर दूध नको हा नियम, म्हणून सगळ्याला नारळाचा रस. कोकणात नारळ नसता तर आमच्या धर्माचे कठीण होते.

आमच्या सणांची हिब्रू नावे मी मोठेपणी शिकलो. घरात मराठी नावे चालत. भाद्रपद-आश्विनात आमचे नवे वर्ष लागते, तो ‘नव्याचा सण’. त्याला गव्हाचा चीक काढून नारळाच्या रसात चिकाचा हलवा करतात. ढवळून ढवळून आईचे खांदे दुखत आणि आम्हा मुलांना आळीपाळीने पळी धरावी लागे. पाठोपाठ ‘खिरीचा सण’, नव्या धान्याची खीर. मग ‘दरफाळणीचा सण’, म्हणजे दार लावून घ्यायचा दिवस. मोठी माणसे अन्नपाण्यावाचून प्रायश्चित्त करतात. आम्ही आदल्या दिवशी ऊन असतानाच बैलगाडीने अलिबागला इस्राएल आळीत नातेवाइकांकडे जाऊन राहत असू. तिथे १८४८ साली स्थापन झालेले ‘मागेन आबोथ’ हे सिनेगॉग आहे. आमची माणसे त्याला मशीदच म्हणत. आमची बकरी, कोंबड्या आणि बैल त्या दोन दिवसांत काकांच्या हवाली. दरफाळणीच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. मेलेल्यांचे आत्मे या दिवसांत घरी येऊन जातात आणि शिळ्या सणाला परततात, असे आजी सांगे. ती त्या सकाळी दाराकडे बराच वेळ पाहत बसे. मांडवाच्या सणाला अंगणात झावळ्यांचा मांडव घालत. फाल्गुनात आमचीही होळी आणि पुरणपोळी, मात्र गोष्ट वेगळी, एस्तेर राणीची.

बिनखमिराच्या भाकरीचा सण वसंतात येतो. त्याचे घरातले नाव ‘अनाशी ढाकायचा सण’. आंबटाचे भांडे आठ दिवस झाकून ठेवायचे. त्याआधी घराला चुना लागे आणि कल्हईवाला अंगणात भाता मांडून बसे. तांब्याची सगळी भांडी त्याच्यापुढे ओळीने मांडली जात. तो आमच्या घरी येणार हे हेरून गावातल्या बायका आपापली पातेली घेऊन येत. आणि आषाढ-श्रावणात ‘बिरड्याचा सण’, जुन्या मंदिराच्या नाशाचा शोक. वालाचे बिरडे केळीच्या पानावर, जमिनीवर बसून खायचे. वाल आमचे शेतातलेच. अलिबागकडे भात निघाल्यावर उरल्या ओलीवर वाल होतो, त्याला पाणी द्यावे लागत नाही. मी आज लोकांना रब्बीला कडधान्य घ्या म्हणून सांगतो तेव्हा मला ते पान दिसते.

नवस फेडायचा, लग्न निघायचे, कुणी प्रवासाला निघायचे, तर मलिदा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलची, वर फळे. तो एलिया हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने. खंडाळे-सागावजवळ एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकाच्या खुणा आहेत, तो तिथून आकाशात गेला, अशी आमची श्रद्धा. १९८० साली काकांचे, म्हणजे माझ्या सख्ख्या काकांचे कुटुंब तिकडे जायचे ठरले तेव्हा सगळे त्या खडकावर गेलो. मलिदा वाटताना आजी प्रत्येकाला दोनदा देत होती. त्यानंतर ती दोघे भेटली नाहीत.

बाबांनाही जायचा आग्रह झाला. १९५० च्या सुमारास आम्ही वीस हजारांच्या घरात होतो, मग तिकडे जाणाऱ्यांची रीघ लागली. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत आम्ही अडीच हजारांच्या आत आलो. बाबा गेले नाहीत याचे कारण ते प्रत्येकाला वेगळे सांगत. कुणाला आजी येत नाही म्हणून, कुणाला पोराची शाळा म्हणून. मला एकदा म्हणाले, “तिकडे बैलालासुद्धा शनिवार मिळेल. पण तिकडे बैल कुठे आहे?”

काका दिमोनाला वसले. तिथून निळ्या कागदावर मराठीत पत्र येई. हे गाव वाळवंटात आहे, आपल्याकडे आषाढातल्या एका दिवसात कोसळतो तेवढा पाऊस इथे वर्षभरात पडत नाही, असे त्यांनी लिहिले होते. एका पत्रात होते की इथे काळ्या नळीला भोके असतात आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पडते. बाबांनी ते पत्र ओटीवर मोठ्याने वाचून दाखवले. आगरी काका म्हणाले, “भाऊ एकटा पडलाय, काहीबाही लिहितो.” भर पावसात ते पत्र ऐकणाऱ्या कुणालाच ते खरे वाटले नाही. मी दापोलीला कृषी पदवीला गेलो तेव्हा पुस्तकात ठिबकचे चित्र पाहिले आणि आधी काकांचे अक्षर आठवले.

घाणा १९८४ साली थांबला. विजेवरच्या गिरणीचे तेल स्वस्त, रेशनवर पामतेल. म्हातारा बैल होता तोवर बाबांनी तो ठेवला, नंतर नवा घेतला नाही. उखळ अजून परसात आहे, पावसाचे पाणी साठले की त्यात बुलबुल आंघोळ करतात.

मी नोकरीला लागलो आणि आजीचा शनिवार मला पाळता आला नाही, हेही कबूल करतो. दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा, बाकीचे कामाचे. कीड पडली, पंचनामे निघाले की सुटीचेही जात. भिजलेल्या भाताचे पंचनामे शनिवारी करताना मी बांधावरून चाललो की बाबा ओटीवर उभे असल्याचा भास होई. त्यांनी मला कधी बोलून दाखवले नाही. २०२० च्या फेब्रुवारीअखेर राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला आणि माझा शनिवार मला परत मिळाला. द्यायला आजी नाही, बाबा नाहीत, सरकार होते. मी शुक्रवारी दिवा लावतो. खोबरेल दुकानातले.

आता बाबांचे सांगतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. रायगडात महाड तालुक्यात दरडींखाली गावे गेली. त्याच रात्री उलटून पहाटे बाबा गेले, पंचाहत्तराव्या वर्षी, झोपेत. आमच्यात माणूस शक्यतो त्याच दिवशी मातीत द्यायचा असतो. आणि मेलेल्यासाठी मुलाने म्हणायची एक प्रार्थना आहे, कद्दीश. ती म्हणायला तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष हजर लागतात. नऊ चालत नाहीत.

फोन बंद. पेणकडचा रस्ता पाण्याखाली, मुंबईचा तर विचारच नको. काकांचा मोठा मुलगा मोटारसायकल ढकलत, चालवत अलिबागला गेला आणि इस्राएल आळीतून चार जणांना घेऊन आला. एक ट्रॅक्टरवर बसून आला, बाकीचे चालत. शेजारच्या गावातून आमचे दोन नातेवाईक आले. मी सातवा. माझा मुलगा सात वर्षांचा होता, तो मोजणीत येत नाही.

आगरी काकांनी आणि त्यांच्या मुलांनी पहाटेच खड्डा खणायला घेतला होता. आत पाणी भरे, ते घमेल्याने उपसत होते. बाबांना स्नान घालून, पांढऱ्या कफनात गुंडाळून आम्ही नेले. अलिबागहून आलेल्या वडीलधाऱ्यांनी स्तोत्रे म्हटली आणि थांबले. काका फावड्यावर हात टेकून उभे होते. सत्तरीला आले होते.

“किती कमी पडतात?” त्यांनी विचारले.

“तीन,” मी म्हणालो.

त्यांनी आपल्या दोन्ही मुलांकडे पाहिले. “आम्ही तिघं आहोत की.”

वडीलधाऱ्यांनी त्यांच्यापुढे हात जोडले आणि मान हलवली. ते बरोबरच होते, नियम नियम आहे. दुसऱ्या कुणी तो मोडला असता तर आजीने आधी आवाज उठवला असता. तरी मी त्या क्षणी मान खाली घातली, आणि आज वीस वर्षांनीसुद्धा मला त्यावर काही म्हणता येत नाही. शनिवारी भाताचे भारे आणताना काका चालले होते, चिंबोरी माझ्या तोंडून काढून घेताना काकू चालल्या होत्या. काका मात्र काही बोलले नाहीत. “बरं, मग माती लोटू,” म्हणाले. आधी मी तीन मुठी घातल्या, मग त्यांनी फावडे उचलले.

आठवड्याने रस्ते मोकळे झाल्यावर मुंबईहून आणि पेणहून माणसे आली. अलिबागच्या सिनेगॉगात मी कद्दीश म्हटली. आगरी काका सकाळच्या एसटीने आले होते आणि मागच्या बाकावर बसले होते. आमच्याकडे आत डोके झाकावे लागते. त्यांच्या डोक्यावर नेहमीची पांढरी टोपी होतीच. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, “झाले का दहा?”

“झाले, काका.”

“मग बरं झालं,” ते म्हणाले. “चल, मला स्टँडवर सोड. पाचची गाडी चुकली तर म्हैस दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.”